जग अंगाला लागते तेव्हा

मराठीतले 'लागणे' हे क्रियापद मोठे कामसू आहे. ऊन लागते, ठेच लागते, तहान लागते, दृष्ट लागते. एखाद्याचे बोलणे मनाला लागते आणि नातवंडांचा लळाही लागतो. महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी या क्रियापदाच्या अर्थांची यादी करायला सांगतो, तेव्हा फळा भरतो पण यादी काही संपत नाही. अलीकडे त्या यादीत मी घरची एक भर घातली आहे. आमच्या सहा वर्षांच्या मुलीला जग लागते.

फ्रॉकच्या मानेशी शिवलेली कंपनीची चिठ्ठी तिला लागते. मोज्याच्या टोकाची शिवण लागते. मिक्सरचा आवाज लागतो, कुकरची शिट्टी लागते, पोह्यांत दाताखाली अवचित आलेला शेंगदाणा लागतो. केस कापायला बसवले, तर कात्री केसांवर नव्हे, कातडीवर चालल्यासारखी ती किंचाळते. आणि हीच मुलगी खेळताना पडून गुडघा फुटला, तर तो मात्र तिला पुष्कळदा लागतच नाही. रक्त मोज्यापर्यंत ओघळल्यावर दुसऱ्याच कोणी तरी ते तिला दाखवून द्यावे लागते.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. परंतु दिवाळी हा साऱ्या इंद्रियांचा सण आहे. उटण्याचा खरखरीत स्पर्श, तळणीचा वास, नव्या कपड्यांची खळ, रोषणाईची उघडझाप, फटाके आणि घरभर पाहुणे! आपल्याला ज्यामुळे दिवाळी दिवाळी वाटते, नेमके तेच काही मुलांच्या अंगावर धावून येते. असे मूल ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे चार दिवस वर्षातले सर्वांत अवघड जातात. ज्यांच्या घरी नाही, त्यांच्याकडे ते फराळाला येण्याचा संभव आहे. म्हणून हा प्रपंच.

नावे ठेवणारे आणि नाव देणारे

आमच्या मुलीला पहिले विशेषण मिळाले ते 'हट्टी'. दुसरे 'लाडावलेली'. दुसरे मिळाले तेव्हा तिच्याबरोबर तिच्या आईलाही त्याचा वाटा मिळाला. कारण मूल लाडावले तर ते आईने लाडावले, असा आपल्याकडचा रिवाज आहे. शेजारच्या काकूंनी "हिला दृष्ट लागली आहे" असे निदान केले, आणि माझ्या आईने मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढलीही. पण तव्यावर तडतडणाऱ्या मोहऱ्यांच्या आवाजाने आणि वासाने मुलगी जी पलंगाखाली गेली, ती तासभर बाहेर आली नाही!

एका बालवर्गाच्या बाईंनी तीन आठवड्यांनंतर सांगितले, "ही गोलात बसत नाही, चिकणमातीला हात लावत नाही, गाणी सुरू झाली की कान झाकते. अजून वर्षभर घरीच ठेवा." त्या बाई वाईट नव्हत्या. पंचवीस मुले आणि दोन मदतनीस, एवढ्यात त्या तरी काय करणार! पण घराच्या दाराआड ठेवल्याने मूल गोलात बसायला शिकत नाही, हेही तितकेच खरे.

हे सारे ऐकत असलेली व्यक्ती साडेचार वर्षांची होती. एका रात्री आजीच्या कुशीत पडल्या पडल्या तिने विचारले, "आजी, मी वाईट मुलगी आहे का गं?" हा शब्द तिला कोणी एकाने शिकविला नव्हता. जिन्यात, लग्नाच्या पंक्तीत, बालवर्गाच्या दारात तो सांडलेला होता आणि तिने तो वेचला होता. त्या रात्रीपासून आमच्यापुढचा प्रश्न शेंगदाण्याचा किंवा मोज्यांचा राहिला नाही. ही मुलगी स्वतःविषयी कोणते मत घेऊन मोठी होणार, हा प्रश्न होता.

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सर्वप्रथम तिचे कान आणि डोळे तपासून घेतले. मग बोलणे, खेळणे, माणसांशी वागणे यांची रीतसर पाहणी झाली. स्वमग्नता दिसत नाही असा निर्वाळा मिळाला, आणि त्यांनी आम्हांला एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंकडे पाठविले. मराठीत या विद्येला 'व्यवसायोपचार' म्हणतात. त्या शब्दाने माझी प्रथम गंमत झाली. पाच वर्षांच्या मुलीचा व्यवसाय तो कोणता? बाई हसून म्हणाल्या, "सर, जेवणं, कपडे घालणं, खेळणं आणि झोपणं. तेवढाच, पण पूर्ण वेळचा!"

टपाल कचेरीतली छाननी

आपण पंचेंद्रिये म्हणतो. शरीरशास्त्र त्यांत आणखी काहींची भर घालते. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके कोणत्या दिशेला वळले याची खबर त्या देतात आणि आपला तोल सांभाळला जातो. स्नायू आणि सांधे यांच्याकडूनही मेंदूला सतत वार्ता जात असते. डोळे मिटून आपण बोट बरोबर नाकाला लावतो ते याच वार्तेच्या जोरावर. या जाणिवेला चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९०६ साली 'प्रोप्रिओसेप्शन' असे नाव दिले. याखेरीज भूक, तहान, पोटातली कळ असल्या आतल्या खबरा निराळ्याच.

आता मोठ्या टपाल कचेरीची कल्पना करा. गावोगावच्या पिशव्या येऊन पडतात. छाननी करणारा कारकून पत्रे भराभर खणांत टाकतो. जाहिरातींचे कागद बाजूला सारतो, तातडीचे पाकीट तेवढे साहेबांकडे नेतो. आपल्या मेंदूत ही छाननी अष्टौप्रहर चालू असते. आत्ता हा लेख वाचताना सदऱ्याची कॉलर आपल्या मानेला लागते आहे, पंखा घरघरतो आहे. पण मी सांगेपर्यंत आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. कारकुनाने ती पत्रे परस्पर बाजूला सारली होती.

काही मुलांचा कारकून मात्र प्रत्येक पत्रावर 'तातडीचे' असा शिक्का मारतो. मग कॉलरची चिठ्ठी आणि विंचवाचा दंश एकाच दर्जाने साहेबांपुढे येतात. काही मुलांची पत्रे पोहोचतच नाहीत. हाक मारलेली कळत नाही, नाक वाहते ते समजत नाही. तिसऱ्या प्रकारची मुले पत्र येत नाही म्हणून सारखी टपाल कचेरीत खेपा घालतात. ती गरगर फिरतील, सोफ्यावरून उड्या मारतील, भिंतींना धडकतील, दिसेल ते तोंडात घालतील. गंमत अशी की, एकाच मुलात हे तिन्ही प्रकार नांदू शकतात. आमच्या घरी आवाज आणि हलका स्पर्श 'तातडीचे' असतात, गुडघ्याचे पत्र गहाळ होते, आणि गोल फिरण्याचे वेड तर विचारू नका!

या विचाराला शास्त्रीय आकार दिला तो अमेरिकेतल्या जीन एअर्स यांनी. १९२० साली कॅलिफोर्नियात जन्मलेल्या या विदुषी व्यवसायोपचारतज्ज्ञ होत्या आणि मानसशास्त्रज्ञही. 'सेन्सरी इंटिग्रेशन अँड लर्निंग डिसऑर्डर्स' हा त्यांचा ग्रंथ १९७२ साली निघाला. निरनिराळ्या इंद्रियांच्या वार्तांची मेंदूत नीट जुळणी झाली नाही, तर त्याचा परिणाम मुलाच्या वागण्यावर आणि शिकण्यावर होतो, अशी त्यांची मांडणी होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या विषयात सर्व तज्ज्ञांचे एकमत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली असा सल्ला दिला, की संवेदनांच्या प्रक्रियेतला दोष हे स्वतंत्र निदान म्हणून सहसा देऊ नये. अशा मुलात स्वमग्नता, अवधानाची अस्थिरता, चिंतेचा विकार यांपैकी काही आहे का, ते आधी पाहावे. या पद्धतीचे उपचार इतर उपायांच्या जोडीने करायला हरकत नाही, परंतु त्यांच्या उपयुक्ततेचा पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगावे, असेही त्यात होते. पुढे २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती आली. तिच्यात या दोषाला स्वतंत्र स्थान मिळाले नाही. मात्र संवेदनांची अति किंवा अल्प प्रतिक्रिया हे स्वमग्नतेच्या लक्षणांपैकी एक म्हणून नोंदविले गेले.

तेव्हा "दहा बैठकींत मूल ठणठणीत करून देतो" असे म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा. पण नावाविषयी वाद आहे म्हणून मुलाचा त्रास खोटा ठरत नाही. आमच्या बाईंनी दोन-तीन नेमकी उद्दिष्टे ठरविली आणि तीन महिन्यांनी फरक न दिसल्यास पद्धत बदलायची असे आधीच कबूल केले. मला तो प्रामाणिकपणा भावला.

या विद्येचे आपल्या मुंबईशी जुने नाते आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर निंबकरांच्या घरात आलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. भारतातले ते पहिले. खर्चाची धास्ती वाटणाऱ्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची सोय आहे, आणि विकासात अडचण दिसलेल्या मुलांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. जवळच्या सरकारी रुग्णालयात त्याची चौकशी करता येते.

दोन आठवड्यांची वही

बाईंनी आम्हांला पहिल्या दिवशी औषध दिले नाही की व्यायाम दिला नाही. एक वही घालायला सांगितली. चार रकाने : किती वाजता, त्याआधी काय घडले, मग काय झाले, आणि कशाने शांत झाली. हजेरीपट भरण्यात माझे अर्धे आयुष्य गेले असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले.

चौदा दिवसांत १९ नोंदी झाल्या. त्यांतल्या ११ संध्याकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यानच्या होत्या. आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत त्या वेळी काय काय चालते, ते मी प्रथमच कागदावर उतरवले. मी लोकलमधून उतरून घरी येतो आणि दाराची गाणारी घंटा वाजवतो. स्वयंपाकघरात खोबरे वाटले जात असते, कुकर शिट्ट्या देत असतो. आजीची मालिका सुरू होते. दादा पाढे मोठ्याने म्हणतो. छतावरची पांढरी नळी भगभगत असते. यांतली कोणतीही एक गोष्ट तिला सोसते. पाचही एकदम आल्या, की सहावी गोष्ट कितीही क्षुल्लक असो, बांध फुटतो. आणि पाहणाऱ्याला तेवढी सहावीच दिसते : "एवढ्याशा वाटीवरून केवढा हा तमाशा!"

वहीने दुसरेही एक शिकविले. हट्ट आणि हा उद्रेक यांत फरक असतो. हट्ट करणारे मूल मधून मधून आपल्याकडे कोणी पाहते आहे ना, याची खात्री करून घेते, आणि हवी ती वस्तू हातात पडली की त्याचे रडणे आटोपते. उद्रेकात सापडलेल्या मुलाला वस्तू दिली तरी ते थांबत नाही. ते कोणाकडे पाहतही नाही. अशा वेळी दिवा मंद करावा, माणसे कमी करावीत आणि शब्द त्याहून कमी करावेत. व्याख्यानावर पोट भरणाऱ्या माणसाला हे शेवटचे पथ्य सर्वांत कठीण, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल.

काय आणि कसे

घरातल्या साऱ्या फेरबदलांचे एक सूत्र हळूहळू ठरत गेले. काय करायचे ते सहसा बदलायचे नाही. कसे करायचे ते बदलायचे. दात घासायचेच, केस धुवायचेच, शाळेत जायचेच. पण त्याची रीत तिच्या अंगाला सोसेल अशी शोधायची.

कपड्यांच्या चिठ्ठ्या उसवल्या, मोजे उलटे करून घातले. आतेबहिणीचे धुऊन धुऊन मऊ झालेले सुती फ्रॉक तिला नव्यापेक्षा बरे वाटतात. आपल्या घराघरांतली ही जुनी चाल आमच्या कामी आली. शॉवरचे पाणी तिला सुयांसारखे टोचे, म्हणून तांब्याने पाणी घेऊ लागलो, आणि "पाच तांबे, मोज" असे आधीच सांगू लागलो. किती आणि केव्हा संपणार हे माहीत असले की तिला धीर धरवतो. नखे न्हाल्यावर, ती मऊ झाली असताना कापतो. त्याआधी प्रत्येक बोट घट्ट दाबतो. दाराची घंटा काढून टाकली. मी टकटक करतो. मिक्सर शक्यतो ती शाळेत असताना फिरतो. संध्याकाळी लागलाच, तर "एक, दोन, तीन" म्हणून बटन तिनेच दाबायचे. जो आवाज आपण स्वतः करतो तो अंगावर येत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना शेजाऱ्याच्या रेडिओवरून ठाऊक आहेच.

जेवणात बळजबरी बंद केली. ताटात भात, वरण, भाजी एकमेकांना न लागता वेगवेगळ्या वाट्यांत येतात. शेजारी एक नवा पदार्थ बोटभर ठेवायचा. तिने तो नुसता हुंगला तरी चालेल, चाखला तर आनंद. गेल्या दिवाळीला ती ७ पदार्थ खात असे, यंदा १२ खाते. तिची वाढ आणि वजन डॉक्टर वेळोवेळी पाहतात. कारण पदार्थ फारच थोडे असले, तर हे पाहणे टाळता येत नाही.

यातला सर्वांत मोठा वाटा आजीचा आहे. बाईंनी "स्नायूंना जोर पडेल अशी कामे द्या" असे सांगितल्याचे मी घरी येऊन सांगितले, तेव्हा आई म्हणाली, "अरे, त्याला एवढं शिकायला कशाला हवं? आम्ही लहानपणी विहिरीवरून कळश्या आणत होतो, जात्यावर बसत होतो. हिला दिवसभरात उचलायला काय मिळतं? एक ती पाण्याची बाटली! बसव हिला पीठ मळायला." तेव्हापासून पोळ्यांची कणीक आमची कन्या मळते. सुट्टीच्या दिवशी गाद्या ओढते, भाजीची पिशवी वर आणते. शाळेतून आल्यावर पंधरा मिनिटे झोपाळा. संध्याकाळचे साडेसहा आता पूर्वीइतके भयंकर नसतात.

आजीचेही सगळेच लागू पडले असे नाही. डोक्यावरून हलका हात फिरवून झोपवण्याची तिची रीत नातीला साफ नामंजूर! हलका स्पर्श तिला मुंगी चालल्यासारखा होतो. घट्ट दाब मात्र शांत करतो. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन पशुशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. तरुणपणी त्यांनी पाहिले की, लस टोचताना गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरले की ती शांत होतात; त्यावरून त्यांनी स्वतःसाठी अंगाला दाब देणारे यंत्र तयार केले. आमच्या आजीने यंत्र केले नाही. केसांऐवजी ती आता पाय चेपते, आणि अंगावर आपल्या जुन्या साड्यांची जाड गोधडी घालते. त्याबाबत बाईंनी दिलेली ताकीद येथे नोंदवतो. पांघरूण मुलाला स्वतःला सहज दूर करता आले पाहिजे, तोंड झाकले जाता कामा नये, तान्ह्या मुलांना तर जड पांघरूण मुळीच घालू नये, आणि बाजारातली वजन भरलेली पांघरुणे तज्ज्ञाला विचारल्यावाचून आणू नयेत.

शाळाही मिळाली. तिथल्या बाईंनी तिला भिंतीकडेची जागा दिली, रांगेत शेवटी उभे केले म्हणजे मागून धक्का बसत नाही, आणि वह्यांचा गठ्ठा कचेरीत नेण्याचे काम तिच्याकडे सोपविले. घंटा होण्याआधी त्या तिच्याकडे पाहून मान हलवतात. या चार गोष्टींना पैसा लागला नाही.

दादाचा प्रश्न

अशा घरात दुसरेही एक मूल असते आणि त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड नसते. आमचा मोठा दहा वर्षांचा आहे. एकदा त्याने सरळ विचारले, "बाबा, तिने ताट ढकललं तर तिला कोणी रागवत नाही. मी ढकललं तर?"

मी त्याला त्याच्या चष्म्याचे उदाहरण दिले. तुला फळा दिसत नाही म्हणून चष्मा मिळाला. तुझे लाड म्हणून नव्हे. तो ऐकून घेऊन म्हणाला, "पण चष्मा लावून मी कोणाच्या अंगावर वरण सांडत नाही." मुलगा वकील होणार असे दिसते! तथापि त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. तेव्हा असे ठरले की, उद्रेक चालू असताना तिला कोणी बोलायचे नाही. पण शांत झाल्यावर सांडलेले तिने पुसायला लागायचे, आणि मारणे तर कोणालाच माफ नाही. हा न्याय त्याला चष्म्यापेक्षा पटला. फडके पडताच तीही आता मुकाट्याने पुसते. रविवारची सकाळ मात्र त्याची एकट्याची. आम्ही दोघे फिरायला जातो, मिसळ खातो, आणि त्या दोन तासांत बहिणीचा विषय काढत नाही.

मोठ्या माणसांचीही दमछाक होते. मुलीच्या आईने बँकेतली नोकरी सोडावी, असा सल्ला आम्हांला पुष्कळांनी दिला. मी माझी सोडावी असे मात्र कोणी सुचविले नाही. आम्ही दोघांनीही नोकऱ्या ठेवल्या आणि संध्याकाळ वाटून घेतली. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिची आंघोळ आणि जेवण माझ्याकडे. एका माणसाच्या सहनशक्तीवर असे घर चालत नाही.

दिवाळीचे चार दिवस

आमच्या दिवाळीची तयारी आठ दिवस आधी एका कागदापासून सुरू होते. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत प्रत्येक दिवसाचा एक चौकोन. त्यात कोण येणार, काय घडणार, याची चित्रे. भिंतीवर लावलेला तो कागद ती रोज पाहते. अचानक आलेला आनंददेखील तिला धसका देतो. आधी कळलेला आवाज पुष्कळदा सोसतो.

उटणे कोरडे चोळायचे नाही. तेलात कालवून, घट्ट हाताने, आणि पाठ सोडून बाकी तिचे तिने लावायचे. नवा फ्रॉक पंधरा दिवस आधी आणून दोनदा धुतलेला असतो; जर आणि टिकल्या नाहीत. दिव्यांच्या माळा आहेत, पण उघडझाप करणाऱ्या नाहीत. फराळात चकली तिला अतिशय आवडते, कारण ती पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत सारखीच कुरकुरीत असते. बेदाणा लपवून बसलेल्या लाडवावर मात्र तिचा विश्वास नाही.

दिवाळीच्या पहाटे आमच्या गावातल्या फडके रोडवर तरुण मंडळींची अलोट गर्दी लोटते, ढोलताशे वाजतात. ती शोभा दादा त्याच्या मित्रांच्या घरच्यांबरोबर पाहून येतो. आम्ही तिला तिथे आदल्या दिवशी दुपारी नेतो. रस्ता तोच, रांगोळीच्या रंगांची दुकाने तीच, माणसे तेवढी कमी. फटाक्यांचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री १० ते सकाळी ६ या वेळात फटाके वाजविण्यास मनाई केली. त्याची आठवण देणारी चिठ्ठी इमारतीच्या सूचना फलकावर लावून मी गच्चीतल्या मुलांना एवढीच विनंती केली की, वाजवण्याआधी एकदा ओरडून सांगा. ती आनंदाने ओरडतात. मुलांना ओरडायला सांगणारा गृहस्थ त्यांना एरवी कुठे भेटणार! आवाज ऐकताच आमची मुलगी कानांवर जाड हेडफोन चढवते आणि खिडकीतून अनार बघते. आतल्या खोलीत पलंगाशेजारी तिची एक जागा आहे. गोधडी, उशी, मंद दिवा. पाहुणे असताना ती तिकडे गेली तर तिला कोणी बाहेर ओढून आणायचे नाही, हा घराचा नियम आहे.

हे सारे करून मुलगी इतर मुलांसारखी झाली का? नाही. या उन्हाळ्यात कल्याणला नात्यातल्या लग्नातून आम्हांला अक्षता पडताच, न जेवता परतावे लागले. बँड सुरू झाल्यावर तिने मंडपाच्या खांबाला जी मिठी मारली, ती सोडवता सोडवता आम्ही घामाघूम झालो. परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तीच म्हणाली, "पुढच्या वेळी बँडच्या आधी मला सांगा, मी हेडफोन घालीन." आपल्याला काय सोसत नाही आणि त्यावर काय करता येईल, हे तिला शब्दांत सांगता आले. 'मी वाईट आहे का' असे विचारणाऱ्या मुलीने हे सांगावे, यापेक्षा मोठी प्रगती मी कोणत्याही प्रगतिपुस्तकात पाहिलेली नाही.

वाचकहो, या दिवाळीत आपल्या दारी एखादे मूल येईल. ते नमस्कार न करता आईच्या मागे लपेल, गालाला हात लावताच हात झिडकारील, लाडू पुढे केला तर नाक मुरडील, किंवा फटाका वाजताच टेबलाखाली जाऊन बसेल. त्याच्या आईबापांना उपदेश करण्याची ऊर्मी आली, तर क्षणभर आवरावी. गालगुच्चा न घेता दुरूनच हात हलवावा. दूरचित्रवाणीचा आवाज थोडा कमी करावा. "बाळ, कुठे बसायला आवडेल?" असे विचारून तिथेच बसू द्यावे, आणि लाडवाऐवजी नुसती चकली हातात द्यावी. त्या मुलाला आपल्या घरचा लळा लागायला एवढे पुरते.